गोळी नेमकी कुठे संपते?

१० जुलै १९४४. इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक कंपनी शत्रूच्या मोर्च्यावर चालून गेली. त्यातल्या एका सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला आणि बघता बघता सेक्शनमधली सगळी माणसं ठार किंवा जखमी होऊन पडली. उरले फक्त सेक्शनचे प्रमुख, बावीस वर्षांचे एक नाईक. सोबतीला कुणी उरलेलं नाही हे माहीत असताना ते एकटे मशिनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकून त्यांनी मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. मग टॉमीगनने एकाला टिपलं. आणखी दोघं शिल्लक होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून त्या दोघांना संपवलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते कोसळले.

त्यांचं नाव यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला.

मी माणगावचा. ही गोष्ट आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. पण इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागल्यावर माझं लक्ष त्यातल्या एकाच वाक्यावर अडकायला लागलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. म्हणजे इथे प्रश्न गोळ्या शिल्लक आहेत की नाहीत हा नव्हताच. प्रश्न गोळी नळीपर्यंत पोचण्याचा होता. कारखाना, जहाज, ट्रक, खेचर असा हजारो मैलांचा प्रवास करून आलेली गोळी शेवटच्या काही इंचांत अडकली.

‘दारूगोळा कमी पडला’ हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत आपण सारखं वाचतो. पाऊस कमी पडला म्हणावं तितक्या सहज ते लिहिलेलं असतं. माझ्या कामात असं वाक्य चालत नाही. ‘सर्व्हर बंद पडला’ एवढं सांगून कुणी सुटत नाही. कुठे, कधी, कशामुळे आणि हे आधी कुणाला दिसायला हवं होतं, ते सगळं लिहून द्यावं लागतं. तसंच रायफलच्या गोळ्यांचं करून बघावं असं मनात आलं. गोळी कमी पडते तेव्हा ती नेमकी कुठे संपलेली असते?

चार भागांची वस्तू

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू. बोलताना आपण त्याला सरळ ‘गोळी’ म्हणतो, पण रायफलच्या काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी. तिच्या बुडाशी छोटासा प्रायमर, ज्यावर रायफलची पिन आपटली की ठिणगी पडते. आत दारू. आणि टोकाला प्रत्यक्ष उडणारी गोळी, म्हणजे साधारणपणे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच.

चारांपैकी एक नसेल तर उरलेले तीन निरुपयोगी. तीन कोटी पुंगळ्या आणि एक कोटी प्रायमर असतील, तर काडतुसं एक कोटीच होणार.

पुंगळीचं पितळही कुठलंही चालत नाही. साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं प्रमाण लागतं. त्याची आधी वाटी बनते, मग ती वाटी ओढून ओढून लांब करतात. दर वेळी धातू कडक होतो, म्हणून मध्ये तापवून मऊ करावा लागतो. काडतुसं तयार झाल्यावर प्रत्येक लॉटमधली काही झाडून बघतात. त्यात खोट निघाली तर अख्खा लॉट अडकतो.

महाराष्ट्रात या साखळीच्या बऱ्याच कड्या आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावची आयुध निर्माणी १९६४ची. पितळेसारखे धातू ओतणारा कारखाना अंबरनाथला, आणि दारू बनवणारा भंडाऱ्याला. माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला आलेली आमच्याकडची पोरं लोकलने खडकीवरून रोज जातात, पण त्या भिंतीच्या आत दीडशे वर्षांहून जास्त काळ काय चाललंय याचा विचार क्वचितच कुणी करत असेल.

म्हणून ‘गोळ्या का नाहीत’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर बऱ्याचदा बंदुकीपासून फार लांब सापडतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या थ्री नॉट थ्री रायफलीच्या काडतुसात कॉर्डाइट नावाची दारू भरत. ती बनवायला ॲसिटोन लागायचं. हो, नेलपॉलिश काढायला वापरतात तेच. ॲसिटोन तेव्हा लाकडापासून काढत आणि ब्रिटनला त्यातलं बरंचसं बाहेरून आणावं लागे. युद्ध पेटलं आणि ते पुरेना. मग खाइम वाइझमन या रसायनशास्त्रज्ञाची पद्धत कामी आली, ज्यात जिवाणूंच्या मदतीने पिष्टमय पदार्थ आंबवून ॲसिटोन मिळतं. त्यासाठी मका वापरला, आणि १९१७ मध्ये मक्याचीही ओढाताण झाली तेव्हा ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना रानातली हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करायला लावलं. कशासाठी, ते मुलांना सांगितलं नव्हतं.

शंभर वर्षांनी तेच झालं. युक्रेनच्या युद्धात युरोपातले देश दारूगोळ्याचं उत्पादन वाढवायला निघाले आणि त्यांच्या लक्षात आलं की दारूसाठी लागणारा कापसाचा लिंटर, म्हणजे सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू, मोठ्या प्रमाणात चीनहून येतात. नवे कारखाने काढायला पैसे होते, पण कापूस दुसऱ्याच्या हातात होता.

गोळी आहे, पण तोंडाला लावणार नाही

दुसरी जागा माणसाच्या मनातली. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ अनेकांनी वाचलं असेल. वाटेत महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले आणि त्यांच्याकडून त्यांनी काडतुसांची हकिकत ऐकली.

ती हकिकत आपण इतिहासात धर्माचा प्रश्न म्हणून शिकतो, आणि तो होताच. पण त्याकडे पुरवठ्याचा प्रश्न म्हणूनही बघता येतं. नव्या एन्फील्ड रायफलीचं काडतूस कागदाचं होतं. ते दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेली गोळी आत ठासायची. ते वंगण गायीच्या आणि डुकराच्या चरबीचं आहे अशी बातमी पसरली. कंपनी सरकारला काडतुसं कमी पडत नव्हती. नंतर त्यांनी वंगण शिपायांनी स्वतः लावावं, कागद हाताने फाडावा, असे बदलही करून पाहिले. उपयोग झाला नाही. बदल केले म्हणजे आधी काहीतरी होतंच, असंच शिपायांना वाटलं.

कोठारात माल भरलेला आणि तो वापरायला एकही हात पुढे येत नाही, हाही तुटवडाच. तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही, एवढाच फरक. वस्तू ज्याच्या हातात द्यायची आहे त्याला आधी विचारलं नाही की असं होतं.

गोळी आहे, पण डोंगराखाली

ऑक्टोबर १९६२. अरुणाचलच्या (तेव्हाच्या नेफाच्या) टोकाला, थागला डोंगररांगेच्या पायथ्याशी नामका चू नावाची नदी आहे. तिच्या काठावर भारताची सातवी ब्रिगेड उभी होती. ब्रिगेडिअर जॉन दळवी तिचे प्रमुख. त्यांनी पुढे लिहिलेलं ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक त्याच दिवसांबद्दल आहे. जवानांच्या हातात थ्री नॉट थ्री रायफली आणि दर माणसामागे साधारण ५० गोळ्या. ही रायफल एक गोळी झाडली की हाताने बोल्ट मागेपुढे करून पुढची भरायची. समोर चिनी सैन्याकडे स्वयंचलित हत्यारं होती. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांत मोडली. दळवी स्वतः युद्धकैदी झाले.

त्या वेळी देशात थ्री नॉट थ्रीच्या गोळ्या बनत नव्हत्या असं नाही. खडकीत त्या पिढ्यान्‌पिढ्या बनत होत्या. पण नामका चूपर्यंत रस्ता नव्हता. जिथे गाडीरस्ता संपत होता तिथून पुढे कित्येक दिवसांची पायपीट होती. वरून विमानाने सामान टाकायचं, तर सपाट जागा एवढीशी, आणि टाकलेल्यातलं बरंच दऱ्यांमध्ये जाऊन पडायचं. सापडलेलं सामान माणसांनी पाठीवर वाहून खाली न्यायचं. ५० गोळ्या हा आकडा भारताच्या उत्पादनाचा नव्हता. तो रस्त्याचा होता, विमानांचा होता, हमालांच्या पाठीचा होता.

खरं सांगायचं तर तो आकडा १९६२चाही नव्हता. चीनशी युद्ध होणारच नाही, असं धरून आधीच्या काही वर्षांत जे निर्णय घेतले गेले किंवा घेतलेच गेले नाहीत, त्यांचा तो आकडा होता. रस्ता बांधायला वर्षं लागतात. कारखान्यात नवी यंत्रं बसवून त्यातून चांगला माल निघायलाही वर्षं लागतात. सैन्य पुढे पाठवायचा हुकूम मात्र एका दिवसात निघतो.

त्या पराभवानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून चालत आलंय. त्याच महिन्यात संरक्षण मंत्रालयात संरक्षण उत्पादनाचा वेगळा विभाग सुरू झाला. वरणगाव आणि भंडारा इथले कारखाने त्यानंतरच्या दोनएक वर्षांतले. आज वरणगावच्या ज्या घरांत तीन तीन पिढ्यांनी फॅक्टरीत नोकरी केली, त्यांच्या भाकरीचा एक धागा नामका चूच्या काठापर्यंत जातो.

चव्हाणांबरोबर तेव्हा राम प्रधान नावाचे एक तरुण सनदी अधिकारी होते, त्यांचे खासगी सचिव. त्या वर्षांवर प्रधानांनी पुढे पुस्तकही लिहिलं. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

रायफल आली, गोळी यायची आहे

चौथी जागा माझ्यासारख्याला सगळ्यात ओळखीची. पुण्यात पाषाणला शस्त्रास्त्र संशोधन करणारी एआरडीई ही संस्था आहे. १९८०च्या दशकात तिथे भारतीय सैन्यासाठी नवी रायफल घडवण्याचं काम चालू झालं, तीच इन्सास. आधीच्या रायफलीची गोळी ७.६२ मिलिमीटरची होती, इन्सासची ५.५६ मिलिमीटरची. गोळी लहान आणि हलकी, त्यामुळे जवान तेवढ्याच वजनात जास्त गोळ्या नेऊ शकतो.

निर्णय समजण्यासारखा आहे. पण गोळीचा आकार बदलला की नुसती नळी बदलत नाही. पुंगळीचे साचे बदलतात, दारूचं प्रमाण बदलतं, तपासणीची मापं बदलतात, कोठारातले खोके आणि नोंदी बदलतात. जुन्या गोळ्यांचे डोंगर नव्या रायफलीच्या काहीच कामाचे राहत नाहीत. १९९०च्या दशकात रायफलीचं उत्पादन सुरू झालं, पण ५.५६च्या गोळ्या पुरेशा नव्हत्या. त्यामुळे रायफल सैन्यात रुजायला उशीर झाला आणि मोठ्या संख्येने गोळ्या इस्रायलकडून विकत घ्याव्या लागल्या.

ॲप तयार आहे, पण ते ज्या सर्व्हरला जोडायचं तो अजून उभाच राहिलेला नाही, अशी वेळ आमच्या धंद्यात नेहमी येते. दोन टीम, दोन वेळापत्रकं, आणि दोन्हींकडे एकदम बघणारं कुणी नाही. आमच्याकडे त्यामुळे फार तर रिलीज पुढे ढकलली जाते.

तुटवड्याच्या भीतीने तुटवडा

पाचवी जागा सांगायला जरा अमेरिकेत जाऊ. तिथे सामान्य माणूस दुकानात जाऊन गोळ्या विकत घेतो. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला. आता बंदुकांवर कडक कायदे येणार, अशी चर्चा सुरू झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. २०१३ मध्ये तर पॉइंट टू टू या सगळ्यात साध्या, स्वस्त गोळ्याही मिळेनात. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पुन्हा तेच.

कारखाने तर चालूच होते. पण रोज एक खोका घेणारा माणूस दहा घ्यायला लागला. रिकामं कपाट बघून शेजाऱ्यानेही घेतले. दुकानदाराने घाबरून दुप्पट ऑर्डर दिली. कारखानदार मात्र नवी यंत्रं घ्यायला कचरतो, कारण ही लाट ओसरली की यंत्रं गंजत पडणार हे त्याला माहीत असतं. लॉकडाऊन लागणार म्हटल्यावर आपल्याकडे किराण्याच्या दुकानासमोर रांगा लागल्या होत्या ना, तसंच हे. फरक इतकाच की डाळ घरात पडून राहिली तर खाल्ली जाते.

सरावाची गोळी

आता शेवटची जागा, आपल्या सगळ्यात जवळची.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी एके-४७ घेऊन शिरले आणि पन्नासहून अधिक माणसं मारून बाहेर पडले. स्टेशनवर पोलीस होते. काहींकडे लाठ्या होत्या, काहींकडे रायफली. रायफल तीच, थ्री नॉट थ्री, जी १९६२ मध्ये नामका चूवर होती आणि जिचा मूळ आराखडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा आहे.

त्या हल्ल्यात पोलिसांचं काय चुकलं हे बघायला राज्य सरकारने दोन माणसांची समिती नेमली. एक व्ही. बालचंद्रन आणि दुसरे राम प्रधान. तेच, १९६२चे. दिल्लीत तरुणपणी देशाची शस्त्रांची दुरवस्था जवळून बघितलेला माणूस आता ऐंशीच्या घरात मुंबई पोलिसांची हत्यारं मोजत होता. समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक नोंद वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. अशा हल्ल्यांसाठीच उभारलेल्या शीघ्र कृती पथकांचा गोळीबाराचा सराव सप्टेंबर २००७ पासून झालेला नव्हता. कारण, दारूगोळ्याची टंचाई.

हल्ला झाला तोवर या गोष्टीला चौदा महिने झाले होते.

सराव थांबवला, तेव्हा ज्या कुणी तो निर्णय घेतला त्याला तो शहाणपणाचाच वाटला असणार. गोळ्या कमी आहेत, मग त्या खऱ्या प्रसंगासाठी जपून ठेवू. वाण्याचा हिशेब म्हणून बरोबर आहे. पण सराव न केलेल्या हातातली जपलेली गोळी खऱ्या प्रसंगी कितपत लागणार? क्रिकेटच्या टीमने चेंडू वाचवायला नेट प्रॅक्टिस बंद करावी तसं हे. आणि टंचाईत पहिली कात्री नेहमी सरावाला लागते, कारण ती कुणाला दिसत नाही. बंदोबस्ताला उभ्या पोलिसाच्या खांद्याला रायफल आहे की नाही हे लोकांना दिसतं. त्याने ती शेवटची कधी झाडली, हे दिसत नाही.

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या एके-४७ची नळी हातांनी पकडली. त्यांच्याकडे फक्त लाठी होती. गोळ्या अंगावर झेलत त्यांनी नळी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. ओंबळे साताऱ्याच्या जावळी तालुक्यातले, केडंब्याचे. घाडगे पळसगावचे. एकाने नळी आपल्या बंदुकीची धरली, दुसऱ्याने शत्रूच्या. मध्ये चौसष्ट वर्षं गेली.

दोन्ही प्रसंग सारखे नाहीत हे मला कळतं. घाडग्यांच्या वेळी ती क्षणाची गोष्ट होती. कितीही मोठं कोठार पाठीशी असतं तरी मॅगझिन बदलायचे दोन-तीन सेकंद कुणी देऊ शकलं नसतं. ओंबळ्यांच्या वेळी मात्र लाठी घेऊन एके-४७समोर उभं राहायची वेळ का आली, याला वर्षानुवर्षांची कारणं होती. शौर्य दोन्हीकडे सारखंच. पण दुसऱ्या प्रसंगात शौर्यामागे एक फाइलही आहे, आणि पुतळ्याला हार घालताना ती कुणी उघडत नाही.

मग भरून का ठेवत नाही?

एवढं सगळं माहीत असताना सरळ भरपूर गोळ्या बनवून का ठेवत नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता.

पहिली अडचण म्हणजे दारूगोळा शिळा होतो. दारूतली रसायनं हळूहळू बिघडतात, त्यात उष्णता आणि दमट हवा असली की आणखी लवकर. जुना साठा सांभाळणं हेच एक धोक्याचं काम आहे. ३१ मे २०१६ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागून स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. बनवणंही तितकंच धोक्याचं. २४ जानेवारी २०२५ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मेले. ज्या वस्तूचा तुटवडा होऊ नये असं आपण म्हणतो, तिची किंमत शांततेच्या काळातही अशी मोजली जाते.

दुसरी अडचण अंदाजाची. किती पुरेल? कॅगचा २०१५चा अहवाल यावरच आहे. सैन्याकडे ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल एवढा साठा हवा, आणि निदान २० दिवसांचा तरी असायलाच हवा, असं ठरलेलं होतं. मार्च २०१३ मध्ये तपासणी झाली तेव्हा दारूगोळ्याच्या निम्म्या प्रकारांचा साठा १० दिवसांच्याही खाली होता. यात रणगाड्याच्या आणि तोफांच्या गोळ्याही आल्या, नुसत्या रायफलीच्या नव्हेत. कारणं बघितली तर वर सांगितलेल्या जागाच पुन्हा भेटतात. कारखान्यांकडून ठरलेला माल वेळेत न येणं, बाहेरून खरेदीला लागणारी वर्षं, तपासणीत अडकलेले लॉट.

२०२१ मध्ये सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. दारूगोळ्याची कंपनी म्युनिशन्स इंडिया, आणि तिचं मुख्यालय खडकीतच. रचना बदलली हे चांगलं की वाईट यावर लोक भांडतात. मला त्यापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनी कुठलीही असो, पितळ, दारू, प्रायमर आणि गोळी एकाच दिवशी एकाच ठिकाणी पोचायला हवीत. आणि त्यांची ऑर्डर दोन-चार वर्षं आधी, जेव्हा कुणालाच त्यांची गरज वाटत नाही तेव्हा, कुणीतरी सही करून दिलेली असायला हवी.

इतकं वाचल्यावर माझ्या मनात राहिलं ते हेच. गोळी रणांगणावर संपल्यासारखी दिसते, पण संपते ती खूप आधी. ॲसिटोनच्या पिंपात, न बांधलेल्या रस्त्यावर, न जुळलेल्या दोन वेळापत्रकांत, रद्द केलेल्या सरावाच्या एका ओळीत. ती संपवणारा माणूस दुष्ट नसतो. तो काटकसर करत असतो, किंवा नुसता पुढच्या बैठकीची वाट बघत असतो. आणि ती कमी पडल्याचं ज्याला कळतं तो माणूस वेगळाच असतो, बहुतेक वेळा पळसगाव किंवा केडंब्यासारख्या गावातला.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘दारूगोळ्याचा तुटवडा’ अशी बातमी मोबाइलवर आली तर आकडा बघून पुढे जाऊ नका. कुठल्या गोळीचा? बनत नाही की पोचत नाही? सराव चालू आहे की बंद? एवढे तीन प्रश्न विचारले तरी बातमीच्या मागची बातमी दिसायला लागते.

माणगावात आजही पहाटे पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी हायवेच्या कडेने धावतात. थंडीत तोंडातून वाफ निघत असते, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलेलं असतं. किती मिनिटांत किती मीटर धावायचं, गोळा किती फेकायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यातले काही निवडले जातील आणि त्यांच्या खांद्यावर रायफल येईल. त्यानंतर दरवर्षी तिच्यातून किती गोळ्या झाडायला मिळतील, हे मात्र भरतीच्या कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते लिहायला काय हरकत आहे?